सतरा उड्यांची ऑपरेटिंग सिस्टिम

झेड-८० या जुन्या प्रोसेसरचा बोर्ड जोडून झाला, सिरियल केबलवरून टर्मिनलवर मॉनिटरचा, म्हणजे मेमरी पाहण्या-भरण्याच्या छोट्या प्रोग्रॅमचा, प्रॉम्प्ट दिसायला लागला, की पुढची खाज ठरलेली: आता यावर सीपी/एम ही त्या काळातली ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची. मग माणूस इन्स्टॉलर शोधायला लागतो. तो सापडत नाही, कारण तसला प्रकारच नाही. आजची ऑपरेटिंग सिस्टिम यंत्रात शिरते, इकडेतिकडे चाचपते आणि कुठलं कार्ड, कुठली डिस्क ते स्वतःच ओळखते. सीपी/एम असलं काही करत नाही. यंत्राची ओळख तुम्ही करून द्यायची, तीही असेंब्ली भाषेत. ऐकून धडकी भरते खरी, पण तिचे प्रश्न मोजून सतरा आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त दोन-चार ओळींत सुटतात.

हे प्रश्न आले कुठून? १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम लिहिली. ते कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायचे आणि इंटेलचे सल्लागार होते. इंटेलच्या प्रोसेसरांसाठी पीएल/एम ही भाषा त्यांनीच बनवली होती. सीपी/एम लिहिली ती ८०८० या प्रोसेसरसाठी. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आली, प्रत्येकाचा डिस्क कंट्रोलर वेगळा. दर वेळी अख्खी सिस्टिम उसवत बसण्यापेक्षा त्यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग कापून बाजूला काढला आणि त्याला बायोस हे नाव दिलं. आज आपण सर्रास वापरतो तो बायोस हा शब्द तिथला.

आपल्याला हवी ती १९७९ ची २.२ आवृत्ती. झेड-८० ही १९७६ ची झायलॉगची चिप. ८०८० च्या सगळ्या सूचना तिला कळतात, म्हणून सीपी/एम तिच्यावर जशीच्या तशी चालते. झायलॉगने २०२४ मध्ये या चाळीस पिनांच्या चिपच्या शेवटच्या ऑर्डर घेतल्या, तेव्हा एखादी जास्तीची आणून ठेवलेली बरी. नाव खोडून दुसरं छापलेल्या चिपाही फिरतात. नवी चिप चालत्या बोर्डात बसवून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका. परवान्याची चिंता मात्र नको. सीपी/एमचे हक्क ज्यांच्याकडे आले त्यांनी २००१ मध्ये ती वाटायला परवानगी दिली आणि २०२२ मध्ये ती सगळ्यांसाठी आहे असं स्पष्ट केलं.

आता घराचा नकाशा. झेड-८० ला सोळा ॲड्रेस लाइन्स, म्हणजे एकूण ६४ किलोबाइट मेमरी. सीपी/एम या मेमरीच्या माथ्यावर बसते. सर्वांत वर बायोस, जो तुम्ही लिहायचा. त्याच्याखाली बीडॉस, साडेतीन किलोबाइटचा: फाइली, डिरेक्टरी, मोकळी जागा हा सगळा हिशेब त्याच्याकडे. त्याच्याखाली सीसीपी, दोन किलोबाइटचा: प्रॉम्प्ट दाखवणारा, तुम्ही टाइप केलेली कमांड वाचणारा. बीडॉस आणि सीसीपी मिळून ५,६३२ बाइट. फोनवरचा एक फोटो याच्या शेकडो पट जागा खातो. तळाची २५६ बाइट सिस्टिमच्या नोंदींसाठी राखीव, आणि हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या मोजणीत, ०१०० या पत्त्यापासून वर सीसीपीपर्यंतची सगळी जागा प्रोग्रॅमची.

तळाच्या त्या २५६ बाइटांत सगळी मेख आहे. पत्ता शून्यावर बायोसकडे जाणारी उडी असते, म्हणजे जंप सूचना. पत्ता ५ वर बीडॉसकडे जाणारी. प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो की एक अक्षर छापायचं असो, तो पत्ता ५ ला हाक मारतो. बीडॉस प्रत्यक्षात कुठे बसलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच तेव्हाचं लेखनाचं वर्डस्टार तुमच्या बोर्डावरही चालतं, फक्त तुमच्या टर्मिनलची खूण एकदा सांगावी लागते.

पण झेड-८० रीसेट झाला की पहिली सूचना कुठून उचलतो? पत्ता शून्यावरूनच. वीज आली त्या क्षणी रॅममध्ये कचरा असतो, म्हणजे शून्यावर रॉम हवी. आणि सीपी/एमला शून्यावर लिहिता येईल अशी रॅम हवी. एकाच जागेवर दोघांचा हक्क. घरी जोडलेले बरेच बोर्ड मॉनिटर आणि बेसिक छान चालवतात आणि सीपी/एमला अडतात ते इथेच.

यातून निघायचा मार्ग मला अजूनही जादूसारखा वाटतो. बोर्डावर एक फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकच बिट लक्षात ठेवणारा सर्किटचा तुकडा, बसवायचा. रीसेटला तो असा लागतो की खालच्या भागातलं वाचन रॉममधून होईल. लिहिणं मात्र कायम रॅममध्येच जाईल, रॉम दिसत असतानाही. (वाचताना रॅमचं आउटपुट बंद राहिलं पाहिजे, नाहीतर दोन चिपा एकाच तारेवर एकदम बोलतील.) आता रॉममधला प्रोग्रॅम काय करतो? स्रोताचा पत्ता शून्य, मुक्कामाचा पत्ताही शून्य, लांबी रॉमएवढी, आणि एलडीआयआर ही बाइटांची रांग उचलून नेणारी एकच सूचना. कागदावर वाचलं तर वेड्यासारखं दिसतं: शून्यावरचा बाइट उचलून शून्यावर ठेव, एकवरचा उचलून एकवर ठेव. पण वाचन रॉममधून आणि लेखन रॅममध्ये होत असल्याने काही मिलिसेकंदांत रॉमची हुबेहूब नक्कल तिच्या पोटाखालच्या रॅममध्ये तयार होते. मग एका पोर्टवर आउट सूचना द्यायची. फ्लिप-फ्लॉप पलटतो आणि रॉम नाहीशी होते. प्रोसेसरच्या पायाखालची सतरंजी ओढली, पण खाली तशीच दुसरी अंथरलेली आहे. पुढची सूचना तो रॅममधून उचलतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

हे करण्याआधी बोर्ड तितका धडधाकट आहे का ते तपासून घ्या. मला आवडणारी तपासणी फार सोपी आहे. सॉकेटमधून रॉम आणि रॅम काढायच्या, डेटाच्या आठही तारा रेझिस्टरांनी ग्राउंडला बांधायच्या. आता प्रोसेसर जे वाचेल ते शून्य, आणि शून्य या सूचनेचा अर्थ 'काही करू नकोस, पुढे जा'. तो पुढे-पुढे जात राहतो आणि ॲड्रेस लाइन्स मोजायला लागतात. क्लॉक अगदी हळू ठेवून वरच्या लाइन्सवर एलईडी लावले तर मोजणी डोळ्यांनी दिसते. जराशी लुकलुक दिसेल, तिला घाबरू नका: झेड-८० प्रत्येक सूचनेनंतर मेमरी रिफ्रेशसाठी मध्येच वेगळा पत्ता बाहेर काढतो. आणि वेट, इंटरप्ट, एनएमआय, बस-रिक्वेस्ट या चार पिना मोकळ्या सोडू नका, रेझिस्टर लावून वर खेचून ठेवा. हात जवळ नेला की चालणारा आणि काढला की अडणारा बोर्ड दिसला, तर नव्वद टक्के वेळा यातलीच एखादी पिन हवेत लोंबकळत असते.

आता त्या सतरा उड्या. बायोसच्या अगदी सुरुवातीला सतरा जंप सूचनांचा तक्ता असतो, प्रत्येकी तीन बाइट, एकूण ५१. क्रम ठरलेला, तो बदलायचा नाही. बीडॉस तुमच्या कोडला नावाने ओळखत नाही. 'तक्त्यातली चौथी उडी' एवढंच त्याला माहीत.

पहिली थंड सुरुवातीची, म्हणजे वीज आल्यावरची. दुसरी गरम सुरुवातीची, वॉर्म बूटची. तिच्याकडे नंतर येतो. पुढच्या तीन कन्सोलच्या: की दाबली आहे का, दाबलेली की दे, हे अक्षर छाप. सिरियल चिप चालत असेल तर हे तुमच्या मॉनिटरमध्ये आधीच लिहिलेलं आहे, उचलून आणा. क्लॉकसाठी बरेच जण ७.३७२८ मेगाहर्ट्झ हा चमत्कारिक आकडा का निवडतात तेही इथेच कळतं: त्याला ६४ ने भागलं की बरोबर १,१५,२०० येतात, सिरियलचा प्रमाण वेग.

मग येतात प्रिंटर (त्याच्या दोन: छापणं, आणि तो तयार आहे का ते सांगणं), पेपर टेप पंच करणं, पेपर टेप वाचणं. टेप नाही, मग सरळ परत फिरायचं. वाचणाऱ्याने फक्त 'फाइल संपली' ही खूण द्यायची, हेक्समध्ये १ए. डिस्कच्या बाजूला ट्रॅक ठरव, सेक्टर ठरव, बफरचा (डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागेचा) पत्ता ठरव, शून्य ट्रॅकवर जा: यातल्या प्रत्येकाचं काम आकडा कुठेतरी लिहून ठेवणं, बस. सेक्टरचा क्रम बदलून देणारी एक उडी आहे. जुन्या फ्लॉपीवर एक सेक्टर वाचून हिशेब होईपर्यंत पुढचा सेक्टर डोक्याखालून निघून जायचा, म्हणून दर सहावा सेक्टर वाचत. आपल्याकडे फिरणारं काहीच नाही, तेव्हा आला आकडा तसाच परत द्यायचा. उरतात ड्राइव्ह निवडणं, वाचणं आणि लिहिणं. खरी मेहनत एवढीच.

डिस्क म्हणून बहुतेक जण कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावतात आणि मीही तेच सुचवेन. कार्डाला जुन्या आयडीई डिस्कची भाषा येते, वर ते आठ बिटांतही बोलतं. त्याला तसं सांगावं लागतं: फीचर रजिस्टरमध्ये १, मग कमांड रजिस्टरमध्ये हेक्समधला ईएफ. हे विसरलात तर प्रत्येक दुसरा बाइट गायब दिसतो. आणि प्रत्येक कमांडआधी स्टेटसमधला वरचा 'व्यस्त' बिट उतरेपर्यंत थांबायचं. वीज आल्यावर तर जरा जास्तच; कार्ड प्रोसेसरपेक्षा उशिरा जागं होतं.

मोठा अडसर मापाचा आहे. सीपी/एमचा जन्म आठ इंची फ्लॉपीवर झाला: ७७ ट्रॅक, प्रत्येकात २६ सेक्टर, सेक्टरमध्ये १२८ बाइट, अख्खी डिस्क २,५६,२५६ बाइटांची. त्यामुळे बीडॉस कायम १२८ बाइटांचा घास मागतो. कार्ड मात्र ५१२ पेक्षा कमी द्यायला तयार नाही. वाचताना सोपं: ५१२ आणा, त्यातला हवा तो चतकोर द्या. लिहिताना आधी ५१२ वाचायचे, त्यातले १२८ बदलायचे, मग सगळे परत लिहायचे. वेग हवा म्हणून ते ५१२ बाइट मेमरीत धरून ठेवले आणि तेवढ्यात वीज बंद केली, तर फाइल गेली. बीडॉस यात मदत करतो. लिहायला सांगताना सी रजिस्टरमध्ये १ दिला असेल तर ते डिरेक्टरीचं लिखाण आहे. ते धरून ठेवायचं नाही, लगेच कार्डावर उतरवायचं.

पहिल्यांदा करत असाल तर माझं ऐका, ही हुशारी करूच नका. प्रत्येक ५१२ मधले पहिले १२८ वापरा आणि बाकीचे सोडून द्या. तीन चतुर्थांश कार्ड वाया जाईल. जाऊ द्या. सीपी/एम २.२ ला एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त ८ मेगाबाइट झेपतात आणि ड्राइव्ह एकूण सोळा, म्हणजे सगळे मिळून १२८ मेगाबाइट. चौपट उधळपट्टी केली तरी ५१२ मेगाबाइटमध्ये सगळं बसतं. आधी सिस्टिम उभी राहू द्या, काटकसर मागाहून.

ड्राइव्ह निवडणाऱ्या उडीने एका तक्त्याचा पत्ता परत द्यायचा असतो. त्या तक्त्यात आणखी एका तक्त्याचा पत्ता, आणि त्या दुसऱ्यात ड्राइव्हचं मोजमाप: ट्रॅकमध्ये किती सेक्टर, ब्लॉक केवढा, एकूण ब्लॉक किती, डिरेक्टरीत किती नोंदी मावतात, सुरुवातीचे किती ट्रॅक सिस्टिमसाठी राखीव. ८ मेगाबाइटच्या ड्राइव्हला ४ किलोबाइटचे ब्लॉक आणि ५१२ नोंदी ठेवतात. नोंद ३२ बाइटांची, म्हणजे डिरेक्टरी १६ किलोबाइट, म्हणजे चार ब्लॉक. हा चार तक्त्यात वेगळा सांगावा लागतो, नाहीतर बीडॉस डिरेक्टरीवरच फाइली लिहीत सुटतो. इथले आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एक बदलला तर सगळे पुन्हा मोजा. अंदाजाने काही टाकू नका.

आणि कोरं कार्ड कोरं नसतं. सीपी/एमच्या लेखी मोकळी नोंद म्हणजे जिचा पहिला बाइट हेक्समध्ये ई५ आहे ती. फाइल पुसली तरी तेवढाच बाइट बदलतो, बाकी मजकूर जागच्या जागी राहतो. जुन्या आठ इंची डिस्क फॉरमॅट झाल्या की ई५ नेच भरलेल्या असायच्या, त्यामुळे तेव्हा प्रश्न आला नाही. आपल्या कार्डावर शून्यं असतात. शून्य म्हणजे बीडॉसला 'शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याची फाइल' वाटते, आणि फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड दिली की पडदाभर बिननावाच्या फाइली ओघळतात. म्हणून डिरेक्टरीची जागा आधी ई५ ने भरून घ्यायची.

राहिला कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न: यंत्रावर काहीच नाही, मग सिस्टिम आत जाणार कशी? सीसीपी, बीडॉस आणि तुमचा बायोस इंटेल हेक्स या मजकुरी स्वरूपात सिरियलवरून पाठवायचा. प्रत्येक ओळीत कोलन, बाइटांची संख्या, पत्ता, डेटा आणि शेवटी बेरजेचा ताळा. एक बाइट हुकला की मॉनिटरला कळतं. मग छोट्या प्रोग्रॅमने हे सगळं कार्डाच्या राखीव ट्रॅकांवर लिहायचं. पुढच्या वेळी रॉम तिथूनच उचलेल.

प्रोग्रॅम आणायला एक्समोडेम. हा फाइली पाठवण्याचा १९७७ चा प्रोटोकॉल सीपी/एमवरच जन्मला आणि त्याचा ब्लॉकही १२८ बाइटांचाच आहे. पण एक्समोडेमचा प्रोग्रॅम आधी आत यायला हवा ना? इथे सीसीपीतली सेव्ह कमांड कामी येते. मॉनिटरमधून तो प्रोग्रॅम ०१०० वर चढवायचा, मग सीपी/एम सुरू करायची आणि टाइप करायचं: 'सेव्ह १६ एक्समोडेम.कॉम'. ०१०० पासून २५६ बाइटांची सोळा पानं, म्हणजे चार किलोबाइट, फाइल होऊन कार्डावर बसतात. अट एकच: सीपी/एम सुरू होताना तुमच्या बायोसने त्या जागेला हात लावता कामा नये, डिस्कचा बफर वरच ठेवायचा. हे सगळं टाळून आजच्या संगणकावर सीपीएमटूल्स या प्रोग्रॅमसंचाने कार्डाची प्रतिमा बनवता येते, त्यात कमीपणा काही नाही. मला सेव्हचा रस्ता जास्त आवडतो, एवढंच.

आता दुसऱ्या उडीकडे. माझ्या बोर्डावर 'ए>' हा प्रॉम्प्ट आला, डीआयआर चाललं, डिस्कवरची जागा सांगणारं स्टॅट चाललं. मग बेसिक चालवलं, दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि बाहेर पडायला 'सिस्टिम' टाइप केलं. टर्मिनलवर चित्रविचित्र अक्षरांचा पाऊस, आणि बोर्ड ठप्प. रीसेट केला की पुन्हा सगळं ठीक. छोटे प्रोग्रॅम कितीही वेळा चालवा, काही होत नव्हतं. बेसिकमधून बाहेर पडलं की हमखास. मी रॅमची चिप बदलली, क्लॉक उतरवला, सगळे सॉकेट पुन्हा दाबले. दोन संध्याकाळी गेल्या. दोष माझ्या बायोसमध्ये होता. सीपी/एममध्ये प्रोग्रॅमला सीसीपीची जागासुद्धा वापरायची मुभा आहे: चालू असताना सीसीपीचं काही काम नसतं, मग ती दोन किलोबाइट घ्या की. बेसिकने ती घेतली होती. प्रोग्रॅम संपला की तो पत्ता शून्यावर उडी मारतो, ती बायोसच्या वॉर्म बूटमध्ये येते, आणि वॉर्म बूटने सीसीपी पुन्हा कार्डावरून आणायचा असतो. माझं वॉर्म बूट नुसतंच सीसीपीच्या पत्त्यावर उडी मारत होतं, जिथे आता बेसिकचा उरलासुरला डेटा पडला होता. वॉर्म बूटमध्ये राखीव ट्रॅकवरून सीसीपी आणि बीडॉस पुन्हा वाचा, शून्य आणि पाचवरच्या उड्या पुन्हा लिहा, बफरचा पत्ता हेक्समधल्या ००८० वर परत आणा, आणि मगच सीसीपीकडे जा.

अडचण आली तर संदेश वाचायला शिका. 'बीडॉस एर ऑन ए: सिलेक्ट' म्हणजे ड्राइव्ह निवडणाऱ्या उडीने शून्य परत दिलं. 'बॅड सेक्टर' म्हणजे तुमच्या वाचणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या कोडने ए रजिस्टरमध्ये शून्याऐवजी भलतंच काही ठेवलं. बऱ्याचदा वाचन नीट झालेलं असतं, फक्त परतताना ए साफ करायचं राहिलेलं असतं. टाइप केलेल्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आलं तर सिस्टिम ठीक आहे, त्या नावाची फाइल तेवढी नाही.

प्रॉम्प्ट दिसला म्हणून थांबू नका. पिप या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने ए ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली बीवर उतरवा; त्याची भाषा उलटी आहे, आधी मुक्काम मग स्रोत: 'पिप बी:=ए:*.*'. बेसिकमध्ये जाऊन बाहेर या. प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबा, त्यानेही वॉर्म बूट होतं. मग वीज बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा, आणि 'डीआयआर बी:' टाइप करा.